मानससरोवर आणि राक्षसताल

वाल्मीकिरामायणाच्या बालकांडात, विश्वामित्रांच्या यज्ञाच्या रक्षणासाठी निघालेले राम आणि लक्ष्मण नौकेतून गंगा ओलांडत असताना, प्रवाहाच्या मध्यावर जलाचा तुंबळ घोष कानी पडतो आणि हा ध्वनी कशाचा असे राम कुतूहलाने विचारतो. तेव्हा विश्वामित्र त्याला सांगतात की, कैलासपर्वतावर ब्रह्मदेवाने आपल्या मनाने एक सरोवर निर्माण केले, त्या मानससरातून निघालेली शरयू अयोध्येला वळसा घालून येथे जाह्नवीला मिळते, आणि दोन जलांच्या संघट्टाचा हा नाद आहे. पुराणकथेचा एक अलंकार म्हणून हे स्थळ वाचून पुढे जाणाऱ्या वाचकाने एकवार नकाशा उघडून पाहावा. अयोध्येपाशी शरयू म्हणून पूजिली जाणारी नदी म्हणजे घागरा, घागरेचा वरचा मुख्य प्रवाह म्हणजे नेपाळातील कर्णाली, आणि कर्णालीचा उगम तिबेटात, मानससरोवराच्या दक्षिणेकडील पर्वतराजीत, सरोवरापासून काही कोसांवर आहे. नदी सरोवरातून निघत नाही एवढाच काय तो फरक. गंगेच्या काठी वसणाऱ्या समाजाला हिमालयाच्या पलीकडील एका नदीमुखाची वार्ता इतक्या प्राचीन काळी इतक्या नेमकेपणाने ठाऊक असावी, ही गोष्ट मला त्या सरोवराच्या कोणत्याही चमत्कारकथेपेक्षा अधिक विस्मयकारक वाटते. कारण तिच्यामागे नावनिशी न राहिलेल्या असंख्य पायी यात्रिकांचे डोळे आहेत.

हे सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे 4,590 मीटर उंचीवर पसरलेले आहे. त्याचा विस्तार 400 चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक, आणि परीघ सुमारे 90 किलोमीटरांचा. उत्तरेस, मधले बर्खाचे विस्तीर्ण मैदान ओलांडून, 6,638 मीटर उंचीचा कैलास एकटा उभा आहे. दक्षिणेस त्याहून पुष्कळ उंच, 7,694 मीटरांचा गुर्ला मांधाता आपल्या हिमनद्यांसह थेट सरोवराच्या काठापर्यंत उतरत आलेला दिसतो, आणि येथेच मांधाता राजाने तपश्चर्या केली अशी आख्यायिका आहे. हिमालयाच्या भिंतीने पावसाळी ढग अडवून धरल्यामुळे हा सारा मुलूख रुक्ष आहे. वृक्ष नावालाही नाही, आणि पाणी येते ते मुख्यत्वे वितळणाऱ्या बर्फाचे. अशा निर्जल, पिंगट, वाऱ्याने झोडपलेल्या पठारावर दिवसचे दिवस चालून आलेल्या मनुष्याला निळ्या जलाचा एवढा मोठा विस्तार एकाएकी दृष्टीस पडला म्हणजे त्याचे हात जोडले जावेत, यासाठी कोणत्याही ग्रंथाच्या आज्ञेची आवश्यकता नव्हती.

परंतु मानसाची हकीकत एकट्या मानसाची नाही. त्याच्या पश्चिमेस, मध्ये एक अरुंद डोंगरी धार सोडून, दुसरे मोठे सरोवर आहे: राक्षसताल, अथवा रावणह्रद. मानस साधारणपणे वर्तुळाकार, तर राक्षसताल चंद्रकोरीसारखा वाकलेला. म्हणून तिबेटी लोक एकास सूर्याचे आणि दुसऱ्यास चंद्राचे रूप मानतात, एकास प्रकाशाचे आणि दुसऱ्यास अंधकाराचे. पहिल्याचे जल तीर्थ म्हणून भांड्यांत भरून गावोगाव नेले जाते. दुसऱ्याच्या काठावर रावणाने शिवाच्या प्रसादासाठी उग्र तप केले असे आपल्याकडे सांगतात, आणि त्याचे पाणी पिऊ नये अशी रूढी आहे. एकाच आकाशाखाली आणि एकाच पर्वताच्या पायथ्याशी शेजारी शेजारी असलेल्या दोन जलाशयांपैकी एकास पूज्य आणि दुसऱ्यास त्याज्य ठरविण्याचा हा भेद केवळ कल्पनेचा असता, तर त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. त्याला पाण्याच्या गुणाचा आधार आहे. मानसाचे पाणी गोडे, तर राक्षसतालाचे किंचित मचूळ. मानसाची पातळी राक्षसतालाहून काही मीटर उंच असल्यामुळे, त्यातील पाणी वाढले म्हणजे ते मधल्या धारेतील एका खिंडीतून राक्षसतालात उतरते आणि आपल्याबरोबर विरघळलेले क्षार घेऊन जाते. राक्षसतालाला मात्र आज नेमाने वाहणारा असा निर्गम नाही. त्यात आलेले पाणी उन्हाने आणि वाऱ्याने उडून जाते, आणि क्षार मागे राहून शतकानुशतके साचत जातात.

ज्या वाटेने हे पाणी उतरते तिला गंगा-छू म्हणतात. ती काही किलोमीटर लांबीची आहे, आणि तिच्या मानसाकडील तोंडाशी, एका टेकाडावर, च्यू नावाचा गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, आहे. त्याच्या पायथ्याशी उष्णोदकाचे झरे आहेत. या वाटेविषयी तिबेटात एक कथा प्रचलित आहे. मानसात दोन सुवर्णमत्स्य होते. त्यांच्यात कलह होऊन एक पळाला, दुसरा त्याच्या पाठीस लागला, आणि ते ज्या मार्गाने राक्षसतालात शिरले तो मार्ग म्हणजे गंगा-छू. त्यातून मानसाचे पवित्र जल वाहू लागले, आणि पूर्वी विषासारखे असलेले राक्षसतालाचे पाणी पिण्याजोगे झाले. उंच सरोवरातील गोडे पाणी खालच्या मचूळ पाण्यात मिसळते आणि त्याचा क्षार सौम्य करते, हे याहून अधिक स्मरणीय रीतीने सांगता येईल असे मला वाटत नाही. गंगा-छू वाहू लागली म्हणजे ते वर्ष शुभ, असाही तेथील लोकांचा समज आहे. ती वाहते याचा अर्थ हिमवृष्टी आणि पाऊस समाधानकारक झाला, सरोवर भरले, आणि पर्यायाने मेंढ्या व याक यांना चारा मिळणार. मेंढपाळाच्या शकुनात एवढी जलविद्या सामावलेली आहे.

युरोपीय भूगोलज्ञांना मात्र हीच गंगा-छू शंभर वर्षे कोड्यात टाकीत राहिली. चीनच्या कांग्शी बादशहाने अठराव्या शतकाच्या आरंभी लामांकरवी तिबेटची जी मोजणी करविली, तिच्या आधारे तयार झालेले नकाशे युरोपात पोहोचले, आणि त्यांत खुद्द गंगा या सरोवरप्रदेशातून निघालेली दाखविली गेली. 1808 साली वेब, रेपर आणि हिअर्सी हे कंपनीसरकारच्या वतीने गढवालात गेले, आणि गंगेचा उगम हिमालयाच्या अलीकडेच आहे असे ठरून तो भ्रम दूर झाला. पुढे 1812 मध्ये विल्यम मूरक्रॉफ्ट आणि तोच हिअर्सी गोसाव्यांचा वेष धारण करून, पश्म देणाऱ्या शेळ्यांच्या शोधाच्या निमित्ताने, मानसतटावर पोहोचले. मूरक्रॉफ्टने आजारी असतानाही काठाकाठाने चालून निर्गम शोधला, आणि तो त्याला सापडला नाही. सोबतचा वृद्ध पंडित मात्र, आपण पूर्वी या दोन सरोवरांमधील प्रवाह पुलावरून ओलांडला होता, असे निक्षून सांगत होता. 1846 मध्ये हेन्री स्ट्रेची तेथे गेला तेव्हा त्याला सुमारे 100 फूट रुंद आणि 3 फूट खोल असा वेगवान प्रवाह पश्चिमेकडे वाहताना आढळला. पुन्हा 1904 मध्ये रायडर आणि रॉलिंग यांच्या मोजणीपथकाला वाहती धार दिसली नाही. वर्षातील काही महिने पाणी वाहते असे स्थानिकांनी त्यांना सांगितले. 1907 मध्ये आलेल्या स्वेन हेडिनलाही पात्र वाहते आढळले नाही, आणि पाणी भूमीखालून झिरपत जात असावे असा निष्कर्ष त्याने काढला. प्रत्येकजण आपण पाहिले तेच खरे मानून दुसऱ्यास खोटे ठरवू पाहत होता; वस्तुतः सर्वांचेच म्हणणे आपापल्या वर्षापुरते खरे होते, आणि पंडिताची स्मृती या सर्वांइतकीच प्रमाण होती. गेल्या काही दशकांत तर ती वाट पुष्कळदा कोरडीच आढळते.

याच हेडिनने मानसावर कापडी नाव घालून त्याची खोली मापिली. सरोवराच्या देवतेचा कोप होऊन नाव बुडेल, असे तिबेटी लोकांनी त्याला बजावले होते. रात्रीच्या वेळी, वादळांना तोंड देत, त्याने सरोवर ओलांडले, जागोजाग ओळंबा सोडला, आणि अधिकात अधिक खोली सुमारे 82 मीटर असल्याचे नोंदविले. त्याच्या शास्त्रीय कामगिरीविषयी मला आदर आहे. परंतु ज्या जलावर कोणी नाव घालीत नाही आणि ज्यातील मासे कोणी धरीत नाही, त्याचे पावित्र्य स्थानिकांनी आपल्या संयमाने राखलेले होते, हेही विसरता येत नाही. लाटांनी काठावर फेकलेले मृत मासे तेवढे ते गोळा करतात, वाळवून ठेवतात आणि औषध म्हणून वापरतात.

आता नद्यांकडे वळू. बौद्ध ग्रंथांत अनवतप्त नावाच्या एका सरोवराचे वर्णन येते. त्याच्या चार दिशांस असलेल्या पशुमुखांतून चार महानद्या निघतात, आणि बोधिसत्त्वाच्या गर्भप्रवेशापूर्वी मायादेवीला स्वप्नात देवतांनी तेथेच नेऊन स्नान घातले, असे पाली परंपरा सांगते. तिबेटी बौद्धांनी हे अनवतप्त म्हणजे मानस असे मानले, आणि चार मुखे प्रत्यक्ष भूमीवर निश्चित केली: पश्चिमेस गजमुखातून सतलज, उत्तरेस सिंहमुखातून सिंधू, पूर्वेस अश्वमुखातून ब्रह्मपुत्रा, आणि दक्षिणेस मयूरमुखातून कर्णाली. यांपैकी एकही नदी आज सरोवराच्या काठातून निघताना दिसत नाही. परंतु सिंधू कैलासाच्या उत्तरेस, ब्रह्मपुत्रा आग्नेयेकडील हिमनद्यांत, कर्णाली दक्षिणेस आणि सतलज राक्षसतालाच्या पश्चिमेकडील झऱ्यांत उगम पावते, आणि हे सारे उगम सरोवराभोवतीच्या सुमारे 100 किलोमीटरांच्या टापूत येतात. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर यांना मिळणाऱ्या जलांची वाटणी ज्या पठारावर होते, त्या पठाराच्या मध्यभागी हे सरोवर आहे. म्हणून त्याला नद्यांची माता म्हणण्यात नकाशाची चूक असली तरी भूगोलाची नाही. सतलजेच्या बाबतीत तर परंपरेची बाजू अधिकच बळकट आहे, कारण राक्षसतालातून पश्चिमेकडे जाणारे एक जुने कोरडे पात्र अद्याप दिसते, आणि पूर्वी पाणी विपुल असताना दोन्ही सरोवरे त्या वाटेने सतलजेत रिती होत असत.

जैनांच्या दृष्टीने हा प्रदेश अष्टापदाचा, म्हणजे आदितीर्थंकर ऋषभदेवांच्या निर्वाणाचा. बोन हा तिबेटातील बौद्धपूर्व धर्म. कैलास हे त्याच्या प्राचीन शांगशुंग राज्याचे हृदय, आणि बोन यात्रिक आजही पर्वताची प्रदक्षिणा डावीकडून, म्हणजे हिंदू आणि बौद्धांच्या उलट दिशेने घालतात, त्यामुळे एकाच वाटेवर दोन्ही प्रवाह परस्परांना सामोरे येतात. बोन आणि बौद्ध या दोन धर्मांच्या स्पर्धेची स्मृती बौद्ध योगी मिलारेपाच्या कथेत राहिली आहे. बोनपंथी नारो-बोनचुंग याने आपले सामर्थ्य दाखविण्यासाठी मानसाच्या दोन काठांवर दोन पाय रोवून उभे राहून दाखविले. तेव्हा मिलारेपाने स्वतःचे शरीर न वाढविता आणि सरोवर न आकुंचविता संपूर्ण सरोवर आपल्या देहाने झाकले. कथेचा शेवट मला विशेष भावतो. पराभूत प्रतिस्पर्ध्याला हाकलून न देता मिलारेपाने त्याच्या अनुयायांसाठी जवळचाच एक पर्वत तोडून दिला, जेथून त्यांना कैलासाचे दर्शन घडावे.

हिंदूंच्या मनात मानसाबरोबर हंस येतो. मेघदूतातील मेघाची गर्जना ऐकताच मानसाची ओढ लागलेले राजहंस, कमळाच्या देठांची शिदोरी चोचीत घेऊन, कैलासापर्यंत त्याची सोबत करतात. हा हंस कोण, याविषयी पक्षिविदांत मतभेद असले तरी मानसप्रदेशाशी ज्याचे येणेजाणे प्रत्यक्ष आहे असा पक्षी म्हणजे पट्टकदंब. मस्तकावर दोन काळे पट्टे असलेला हा राखी कलहंस हिवाळ्यात महाराष्ट्रातही येतो. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणपाशी आणि जायकवाडीच्या नाथसागरावर त्याचे थवे अनेकांनी पाहिले असतील. मार्चच्या सुमारास ते परततात, हिमालय ओलांडतात, आणि तिबेटातील सरोवरांवर वीण घालतात. म्हणजे आषाढाचा मेघ येईपर्यंत ते केव्हाच स्वस्थानी पोहोचलेले असतात. कवीने ऋतू बदलला, दिशा बदलली नाही. आणि आणखी एक गोष्ट येथे नमूद करावीशी वाटते. मानसात बेट नाही, राक्षसतालात आहेत. त्यांपैकी लाचातो नामक बेटावर हे पक्षी मोठ्या संख्येने अंडी घालतात. मनुष्याने त्याज्य ठरविलेल्या जलानेच मानसाच्या हंसांना आश्रय दिला आहे.

मानसाच्या काठावर आठ गोम्पा: गोसुल, च्यू, चेरकिप, लांगपोना, पोनरी, सेरालुंग, येर्न्गो आणि ठुगोल्हो. धर्मचक्राच्या आठ आऱ्यांसारखी त्यांची मांडणी मानली जाते. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्यांचा विध्वंस झाला. पुढे त्यांतील अनेक पुन्हा उभारले गेले. यांपैकी दक्षिण तटावरील ठुगोल्हो येथे स्वामी प्रणवानंद यांनी 1936–37 चा संपूर्ण हिवाळा काढला. मानसाचे शास्त्र आणि मानसाची भक्ती एकाच पुरुषाच्या ठायी पाहावयाची असेल तर ती येथे पाहावी. डिसेंबरअखेर सरोवर कसे गोठते, गोठलेल्या पृष्ठाला प्रचंड आवाज करीत भेगा कशा पडतात, बर्फाचे थर एकमेकांवर कसे चढतात, आणि मे महिन्यात ते सारे थोड्या अवधीत फुटून पाणी कसे मोकळे होते, हे त्यांनी संन्याशाच्या एकाग्रतेने टिपून ठेवले. हिवाळ्यात आणि वसंताच्या आरंभी तिबेटी लोक सरोवराची प्रदक्षिणा का पसंत करतात, याचेही कारण त्यांच्या लेखनातून उमगते: त्या काळात ओढे गोठलेले असतात, दलदल घट्ट झालेली असते, आणि काठ न सोडता चालता येते, उन्हाळ्यात तेच ओढे फुगून वाटसरूला दूरचा वळसा घ्यावा लागतो.

मराठी भाषेचा या तीर्थाशी एक संबंध आहे, आणि तो फारसा कोणाच्या स्मरणात राहिलेला दिसत नाही. भगवान श्री हंस या संन्याशाने आपल्या मानस-कैलास यात्रेचा वृत्तांत मराठीत लिहिला. अमरावतीजवळ बडनेरा येथे जन्मलेले त्यांचे शिष्य श्री पुरोहित स्वामी यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले, आणि 1934 मध्ये ते लंडनला प्रसिद्ध झाले तेव्हा त्याला प्रस्तावना लिहिली ती आयरिश कवी येट्स याने. कैलासावरील गोठलेल्या गौरीकुंडाशी आपल्याला दत्तात्रेयांचे दर्शन होऊन संन्यासदीक्षा मिळाली, असे श्री हंसांनी त्यात निवेदन केले आहे. गाणगापूर आणि नरसोबाची वाडी येथे ज्या दैवताला मराठी माणूस शोधतो, ते त्यांना तेथे भेटले.

या तीर्थाला राजकारणाने कधी वगळले नाही, आणि जुने राजकारण तीर्थाचा मान राखूनच चाले. 1684 च्या सुमारास लडाख आणि तिबेट यांच्यात टिंगमोस्गांग येथे जो तहनामा झाला, त्यात लडाखच्या राजाने पुरांग, गुगे आदी मुलूख गमावला; परंतु मेन्सर हे एक गाव आपल्याकडे राखले, अशासाठी की त्याच्या महसुलातून कैलासापुढे आणि सरोवरांपाशी दिवाबत्तीचा खर्च चालावा. मुलूख परक्याचा, गाव आपले, आणि उत्पन्न देवाच्या दिव्याला: आपल्याकडील देवस्थान-इनामांच्या दफ्तरात सहज शोभेल अशी ही व्यवस्था. डोगऱ्यांनी लडाख जिंकल्यावर तो हक्क जम्मूच्या दरबाराकडे आला. त्यांचा सेनापती जोरावरसिंग 1841 मध्ये मानसप्रदेशापर्यंत चालून गेला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तकलाकोटजवळ मारला गेला. तरीही मेन्सरचा सारा वसूल करण्याची काश्मीर दरबाराची वहिवाट विसाव्या शतकापर्यंत चालू राहिली. कैलासाच्या पायथ्याचे दारचेन आणि काही गोम्पा तर 1959 पर्यंत भूतानच्या अंमलाखाली होते.

1948 मध्ये महात्मा गांधींच्या रक्षेचा काही अंश मानसात विसर्जित झाला. 1954 च्या भारत-चीन करारात कैलास आणि मानस यांची यात्रा रिवाजाप्रमाणे चालू राहील असे स्पष्ट कलम होते. 1962 मध्ये ती वाट बंद झाली, 1981 मध्ये लिपुलेखमार्गे मर्यादित संख्येने उघडली, 2015 मध्ये नाथू-लाचा दुसरा मार्ग मिळाला, 2020 पासून पुन्हा खंड पडला, आणि 2025 मध्ये यात्रा पूर्ववत सुरू झाली. सरोवरात उतरून स्नान करण्यास आता तेथील प्रशासनाचा मज्जाव आहे, आणि यात्रिक बादलीने पाणी काढून काठावर अंगावर घेतात. अवगाहनाच्या आशेने इतके दूर गेलेल्या हिंदू भाविकाचे मन त्यामुळे खट्टू होते, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु तिबेटी यात्रिक स्नानाला कधीच प्राधान्य देत नव्हता; तो ओंजळभर पाणी पितो, मस्तकी लावतो, आणि चालू लागतो. मोटारींसाठी काठाने रस्ता झाल्यापासून परिक्रमा काही तासांत उरकण्याची सोय झाली आहे, आणि माझ्या मते यात्रेची खरी हानी स्नानबंदीने नव्हे, या सोयीने होत आहे. कारण शरयूच्या उगमापासून सुवर्णमत्स्यांच्या वाटेपर्यंत या सरोवराविषयी माणसाला जे काही कळले, ते त्याच्या काठाने दिवसचे दिवस पायी चालणाऱ्यांना कळले.